पाहणाऱ्याचें ऋण

एखादें सुंदर स्थळ पाहून परत आलेल्या माणसास आपण "काय काय पाहिलें?" असें विचारतों. "तेथें काय ठेवून आलांत?" असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलेंच तर तो प्रश्न थट्टेचा समजला जाईल. याचें कारण उघड आहे. पाहणें ही क्रिया आपण सर्वस्वीं निरुपद्रवी मानतों. जेवणारा अन्न संपवितो, विकत घेणारा वस्तु उचलून नेतो. पाहणारा मात्र कांहींच नेत नाहीं. पौर्णिमेचा चंद्र कोट्यवधि डोळ्यांनीं पाहिला म्हणून तो तिळभरहि झिजत नाहीं. मग पाहणाऱ्यावर कसलें ऋण आणि तें फेडावयाचें कोणास?

परंतु हा चंद्राचा दृष्टांत आपण फार लवकर मान्य करतों, असें मला वाटतें. जगांत दुसऱ्या प्रकारचीहि एक वस्तु असते, आणि ती म्हणजे माठांतलें पाणी. एकानें घेतलें कीं दुसऱ्याच्या वांट्याचें तेवढें कमी होतें. शिवाय घेणाऱ्याचा हात स्वच्छ नसेल तर उरलेलेंहि बिघडतें. सृष्टीचें सौंदर्य हें चंद्रासारखें आहे, कीं माठांतल्या पाण्यासारखें? यावर आपण कोणत्या वृत्तीनें प्रवासाला निघावें, हें पुष्कळ अंशीं अवलंबून आहे. असल्या प्रश्नाचा निकाल नुसत्या तर्कानें लागत नाहीं. एखादें प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांपुढें घ्यावें लागतें. मी येथें कुमाऊं प्रांतांतील नैनीताल घेतों. कारण तें मी पाहिलेलें आहे, आणि 'पाहणें' या एका क्रियेपायीं त्या गांवाचा सारा इतिहास घडला आहे.

काठगोदाम येथें आगगाडी संपते आणि डोंगर सुरू होतात. तेथून सुमारें पस्तीस किलोमीटर मोटार वळणें घेत चढते. शेवटच्या वळणापर्यंत तळें आहे अशी शंकाहि येत नाहीं; मग एकदम डोंगरांच्या ओंजळींत धरलेलें हिरवें पाणी समोर येतें. समुद्रसपाटीपासून एकोणीसशें मीटरांहून अधिक उंचीवर, सुमारें चौदाशें मीटर लांब आणि साडेचारशें मीटर रुंद, असें हें सरोवर आहे. त्याची जास्तींत जास्त खोली सत्तावीस मीटरांच्या आसपास आहे. उत्तरेस सुमारें सव्वीसशें मीटर उंचीचें नैना शिखर, पूर्वेच्या बाजूस शेर-का-डांडा, पश्चिमेस अयारपाटा. अशा डोंगरांनीं तें चोहोंकडून वेढलेलें आहे. पाण्याच्या दोन टोकांना दोन बाजार आहेत. वरच्या टोकाचा तो मल्लीताल आणि खालच्या टोकाचा तो तल्लीताल. दोहोंना जोडणारा रस्ता पाण्याच्या कडेनें जातो. तल्लीतालाशीं तळ्याचें जास्तीचें पाणी बाहेर पडून बलिया नाल्यानें खालीं उतरतें.

बाजारांत लोंकरीचे कपडे, रंगीत मेणबत्त्या, अल्मोड्याची बालमिठाई, आणि उन्हाळ्याच्या आरंभीं टोपल्यांतून येणारें काफळ नांवाचें लहानसें तांबडें रानफळ, असा माल दिसतो. गिऱ्हाईक बहुतेक मैदानी मुलखांतलें. बरेली, मुरादाबाद, लखनौ, दिल्ली या ठिकाणांहून उन्हाळ्यानें भाजून निघालेलीं कुटुंबें दोन-तीन दिवसांसाठीं येतात. मी एका सायंकाळीं कांठावरच्या कठड्याशीं बसून ही गर्दी पाहत होतों. एक म्हातारी बाई होडींतून उतरली, तिनें खालच्या पायरीवर बसून ओंजळभर पाणी डोळ्यांस लावलें आणि मग इकडेतिकडे पाहून, कोणी हसत नाहींसें पाहून, पुन्हां एकदां लावलें. तिच्या मागें तिचा नातू भ्रमणध्वनीच्या यंत्रांत स्वतःची छबी काढून घेत होता. दोघांचाहि आनंद खरा होता.

हें सांगण्याचें कारण असें कीं, गर्दीची निंदा करणें हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक आवडता उद्योग आहे. "पूर्वीं येथें काय शांतता होती!" असें म्हणणाराहि त्या शांततेचा भंग करावयासच आलेला असतो, एवढें तो विसरतो. सौंदर्याचा आस्वाद घेण्यास विशिष्ट संस्कार लागतात, आणि ज्यांस ते नाहींत त्यांनीं घरीं बसावें, हा विचार मला केवळ अनुदारच नव्हे तर असत्यहि वाटतो. त्या म्हातारीनें पाणी डोळ्यांस लावलें तेव्हां तिला जें कळलें, तें मला पुस्तकें वाचून कळलें असतें असें नाहीं. तेव्हां 'अधिकारी' आणि 'अनधिकारी' पाहणारे असा भेद करून आपला प्रश्न सुटावयाचा नाहीं.

या तळ्याकडे आलेल्या पाहुण्यांची परंपरा जुनी आहे. स्कंदपुराणांतील मानसखंडांत यास त्रिऋषिसरोवर म्हटलें आहे. अत्रि, पुलस्त्य आणि पुलह हे तीन ऋषि यात्रेस जातां जातां येथें आले, तहानेनें व्याकुळ झाले, पाणी मिळेना. तेव्हां त्यांनीं भूमि खणली आणि त्या खळग्यांत मानससरोवराचें जल आणलें, अशी ती कथा आहे. दुसऱ्या कथेप्रमाणें सतीचा नेत्र येथें पडला, म्हणून देवी नैना आणि तळें नैनीताल. दोन्ही कथांचें ऐतिहासिक मूल्य कांहीं असो. पहिली कथा मला आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें विचार करण्यासारखी वाटते. तिच्यांत तळें अगोदर आणि पाहुणे मागाहून असा क्रम नाहीं. पाहुणे अगोदर आले, त्यांस गरज होती, त्यांनीं श्रम केले, आणि त्या श्रमांतून तळें झालें. ते ऋषि पुढें निघून गेले. पाणी मागें राहिलें.

इतिहासकाळांतले दोन पाहुणे मात्र निराळे होते. पहिला जॉर्ज विल्यम ट्रेल. इंग्रजी अंमल बसल्यावर हा गृहस्थ कुमाऊंचा कमिशनर होता. १८२३ सालीं त्यानें हें तळें पाहिलें असें मानतात. त्या काळीं येथें वस्ती नव्हती. आसपासच्या गांवचे लोक गुरें चारावयास येत, वर्षांतून एकदां देवीची जत्रा भरे, आणि मग डोंगर पुन्हां ओसाड होत. ट्रेलनें तळ्याचें पावित्र्य आणि लोकांची त्यावरची श्रद्धा पाहिली, आणि आपल्या देशबांधवांना त्याची वार्ता न कळविणेंच बरें असें ठरविलें, असें सांगतात. तो पुष्कळ वर्षें त्या प्रांतांत होता. परंतु त्याच्या हातून ही वार्ता बाहेर गेली नाहीं.

दुसरा पी. बॅरन. हा शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी, आणि डोंगरांत भटकण्याचा मोठा शौकी. १८३९ च्या सुमारास तो येथें पोहोंचला आणि वेडावून गेला. १८४१ सालीं त्यानें वृत्तपत्रांतून या स्थळाची वार्ता प्रसिद्ध केली. पुढें १८४४ सालीं आपल्या भटकंतीचें पुस्तक आग्र्याहून काढलें. त्यावर त्यानें आपलें नांव न घालतां 'यात्रेकरू' या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. नांव यात्रेकरूचें आणि दृष्टि घर बांधणाऱ्याची, असा हा मनुष्य होता. त्याच्याविषयीं दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत, आणि त्या आपल्या विषयाशीं अगदीं निगडित आहेत.

पहिली गोष्ट वाटाड्याची. पहाडी लोक परक्यांना तळ्याची वाट दाखवीत नसत. "आम्हांस ठाऊक नाहीं" म्हणून मोकळे होत. तेव्हां साहेबलोकांनीं एक युक्ति केली. वाटाड्याच्या डोक्यावर एक भला मोठा धोंडा दिला आणि सांगितलें, "नैनीतालास घर बांधावयाचें आहे, आणि तेथें दगड मिळत नाहीं, तेव्हां हा तेथपर्यंत ने." कांहीं वेळानें ओझ्यानें कासावीस झालेला तो भोळा मनुष्य बोलून गेला कीं, "महाराज, तेथें दगडांचा कांहीं तोटा नाहीं." झालें! ज्यानें जागा पाहिलेली नाहीं त्याला तेथें दगड आहेत हें कसें ठाऊक? वाट सांपडली.

दुसरी गोष्ट होडीची. बॅरननें खालून माणसांच्या खांद्यांवरून एक होडी वर आणविली होती. तळ्यावर आणि भोंवतालच्या जमिनीवर नूरसिंग नांवाच्या ठोकदाराचा, म्हणजे पहाडी गांवांच्या मुख्याचा, हक्क होता, आणि तो सोडावयास तो तयार नव्हता. बॅरननें त्याला होडींतून फिरावयास नेलें. भर मध्यावर गेल्यावर त्यानें आपली टिपणवही आणि शिसपेन्सिल पुढें केली, आणि "हक्क सोडल्याचें लिहून दे, नाहींतर पोहून कांठ गांठ" अशा अर्थाचें कांहीं सुनावलें. नूरसिंगानें सही केली. अशी ही हकीकत सांगितली जाते, आणि ती एक गंमत म्हणून सांगितली जाते, हें तिच्यांतलें सर्वांत लक्ष्यांत घेण्यासारखें आहे.

या दोघांपैकीं बरा कोण? उत्तर सोपें दिसतें. बॅरन लोभी आणि ट्रेल सज्जन. एकानें सौंदर्याचा बाजार मांडला, दुसऱ्यानें मौनानें त्याचें रक्षण केलें. परंतु थोडा अधिक विचार केला म्हणजे हें उत्तर मनास पुरेसें वाटत नाहीं. ट्रेलचें मौन आदराचें होतें यांत शंका नाहीं. पण त्या आदराच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली होती. हें स्थळ कोणास दाखवावें आणि कोणास नाहीं, हें ठरविणें आपल्याकडे आहे, ती ती गोष्ट. किल्ली आपल्या कमरेला आहे, एवढेंच कीं ती आपण फिरवावयाची नाहीं! बॅरननें किल्ली फिरविली. किल्ली पाहुण्याची असावी कां, हा विचार दोघांच्याहि मनाला शिवलेला दिसत नाहीं. आणि बॅरननें तळ्याचा 'शोध' लावला असें जेव्हां आपण आजहि लिहितों, तेव्हां वर्षानुवर्षें जत्रेला येणाऱ्या हजारो माणसांचे डोळे आपण डोळ्यांत धरीत नाहीं.

शिवाय मौनाची नीति सर्वांनीं पाळावयाची म्हटली तर तिचा अर्थ काय होतो? ज्यानें पाहिलें त्यानें गप्प बसावें. म्हणजे त्याचा आनंद त्याचा एकट्याचा राहिला. ज्ञान असो, संपत्ति असो, सौंदर्य असो, "मला मिळालें, आतां दार लावून घ्या" ही वृत्ति कितीहि सभ्य भाषेंत सांगितली तरी ती कृपणाचीच वृत्ति होय. दिल्लीच्या एखाद्या कोंदट गल्लींत राहणाऱ्या कारकुनाच्या मुलांनीं डोंगरांतलें पाणी कधींच पाहूं नये, असें मला म्हणवत नाहीं. आणि त्या मुलांच्या येण्यावर ज्यांची चूल पेटते ते नावाडी, हमाल, दुकानदार, त्यांना तर तसें म्हणणें क्रूरपणाचें होईल. म्हणून बॅरनचा मार्ग निंद्य ठरला तरी ट्रेलचा मार्ग आपोआप वंद्य ठरत नाहीं.

बॅरनच्या वार्तेनंतर घरें भराभर उठलीं. १८६२ पासून वायव्य प्रांताच्या सरकारचें उन्हाळ्यांतलें ठाणें येथें झालें. उतार कापले, झाडें तोडलीं, चढणीवर बंगले बांधले. १८६७ च्या सुमारास डोंगराची एक दरड सुटली. तो इशारा होता. मग १८८० चा सप्टेंबर उजाडला. चाळीस तासांत सुमारें तेहतीस इंच पाऊस झाला. १८ तारखेच्या सकाळीं शेर-का-डांड्याच्या उतारावरून एक दरड व्हिक्टोरिया हॉटेलाच्या आवारावर आली आणि कांहीं माणसें गाडलीं गेलीं. त्यांस काढावयास शिपाई, अधिकारी, मजूर, नागरिक धांवून आले. ते खणीत असतांच, दुपारीं दीडच्या सुमारास, वरचा सारा उतार सुटला. कांहीं क्षणांत हॉटेल, देवीचें देऊळ, सभागृह हीं सर्व नाहींशीं झालीं. १५१ माणसें मेलीं. त्यांत १०८ हिंदी आणि ४३ युरोपियन होतीं. त्या राडारोड्यानें तळ्याच्या वरच्या टोकाचें मैदान विस्तारलें. आज त्याच मैदानावर मुलें खेळतात, आणि त्याच्या आसपास देवीचें नवें देऊळ, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च अशीं सर्व धर्मांचीं स्थानें आहेत.

मी त्या मैदानावर उभा होतों तेव्हां मनांत आलें कीं, येथें मेलेल्यांपैकीं पुष्कळजण दरड कोसळली म्हणून मेले नाहींत, तर पहिल्या दरडीनंतर ते पळाले नाहींत म्हणून मेले. त्यांतले बहुतेक कांहीं काळापुरतेच या गांवीं आलेले होते. परंतु त्या तीन-चार तासांत ते पाहुणे राहिले नाहींत. त्यांच्या हातांत फावडीं होतीं. पुराणकथेंतले ऋषि खणीत होते, आणि हेहि खणीत होते. इतरांच्या प्राणासाठीं ज्या भूमींत हात घातला ती भूमि परकी राहत नाहीं.

या प्रलयानंतर डोंगरांतलें पावसाचें पाणी सुरक्षित खालीं आणण्यासाठीं नाल्यांचें जाळें बांधण्यांत आलें. हें शहर आज उभें आहे तें पुष्कळ अंशीं त्या नाल्यांवर उभें आहे. परंतु नाले दृष्टीस सुंदर दिसत नाहींत. त्यांचीं चित्रें कोणी विकत घेत नाहीं. आणि नाल्यांत केरकचरा टाकणाऱ्यास तो थेट तळ्यांत जातो याची कल्पनाहि नसते.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. तळें चंद्रासारखें कीं माठासारखें? नैनीतालापुरतें तरी उत्तर स्पष्ट आहे, आणि तें अलंकारिक अर्थानें नव्हे. हें तळें अक्षरशः त्या शहराचा माठ आहे. शहराचें पिण्याचें पाणी त्यांतून आणि त्याच्या कांठच्या भूमींतून येतें. २०११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती सुमारें एकेचाळीस हजार होती. उन्हाळ्यांत, म्हणजे नेमकी पाण्याची पातळी उतरण्याच्या वेळीं, येणाऱ्यांची भर तीवर पडते. तळ्याला पाणी पुरविणारें जवळचें सूखाताल पावसांत भरतें आणि एरव्हीं कोरडें असतें. कोरडें म्हणून तें निरुपयोगी समजून त्याच्या भूमीवर भराव आणि बांधकामें होत गेलीं. २०१७ च्या उन्हाळ्यांत तळें इतकें उतरलें कीं कडेला गाळाचे पट्टे उघडे पडले. पाण्यांत प्राणवायु उरेना, म्हणून २००७ पासून यंत्रांनीं तळाशीं हवा सोडावी लागत आहे. २०१८ च्या ऑगस्टांत कांठच्या खालच्या रस्त्याचा एक तुकडा पाण्यांत खचला. आणि २०२४ च्या ऑगस्टांत अयारपाट्यावरील, जेथून सारें तळें दिसे, ती 'डोरोथीची बैठक' या नांवानें प्रसिद्ध असलेली जागाच दरडीबरोबर गेली. ज्या जागेवरून पाहावयाचें ती जागाच पाहणाऱ्यांच्या पायांखालून गेली, असें म्हटलें तर कल्पनाविलास होणार नाहीं.

तेव्हां चंद्राचा दृष्टांत कोठें चुकला? डोळा कांहीं नेत नाहीं हें खरेंच आहे. परंतु डोळा एकटा येत नाहीं. तो आपल्यामागें एक देह घेऊन येतो. त्या देहाला स्नान लागतें, शय्या लागते, मोटार उभी करावयास जागा लागते, आणि खोलीच्या खिडकींतून तळें दिसावें अशीहि त्याची इच्छा असते. त्या खिडकीसाठीं उतार कापावा लागतो. चंद्र झिजत नाहीं तो इतकेंच कारण कीं आपला देह अद्याप तेथवर गर्दीनें पोहोंचलेला नाहीं. पाहणें निरुपद्रवी आहे. पाहावयास जाणें निरुपद्रवी नाहीं. ऋणाचा उगम या दुसऱ्या गोष्टींत आहे.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही फुकट कोठें पाहतों? हॉटेलाचें भाडें देतों, होडीचें भाडें देतों, करहि देतों. ऋण फिटलें." हें म्हणणें निम्मेंच बरोबर आहे. पैसे दिल्यानें ज्यानें सेवा केली त्याचें देणें फिटलें. तळ्यानें पैसे घेतले नाहींत आणि डोंगरानेंहि घेतले नाहींत. उलट, ज्या पैशानें होडीवाल्याचें घर चालतें त्याच पैशाच्या आशेनें सूखातालावर भराव पडतो. दुसरा कोणी म्हणेल, "ही सारी कामें म्युनिसिपालिटीचीं आणि न्यायालयाचीं, प्रवाशानें दोन दिवसांत काय करावें?" यांतहि तथ्य आहे. कायदा हवाच, आणि कडक हवा. परंतु जो कायदा पाळणाऱ्यांच्या मनांत कोठेंच नसतो तो कागदावर राहतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें म्हटलें आहे. देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. या कल्पनेंत मला एक गोष्ट मोलाची वाटते. हीं ऋणें कोणी मागून घेतलेलीं नसतात. तीं पैशानें फिटत नाहींत. आणि ज्याचें घेतलें त्यालाच परत करावयाचीं असाहि नियम नसतो. ऋषींचें ऋण अध्ययनानें आणि पितरांचें ऋण संततीनें फिटतें, म्हणजे मागून आलेलें पुढें पोंचविण्यानें फिटतें. पाहणाऱ्याचें ऋण याच जातीचें आहे, असें मला वाटतें. कोणी विचारील कीं, मग यात्रेकरू हे पाहणाऱ्यांहून चांगले काय? आपल्या तीर्थक्षेत्रांच्या नद्यांकडे पाहून तसें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. श्रद्धा असली म्हणजे नदी स्वच्छ राहतेच असें नाहीं. म्हणून 'प्रवासी' हें नांव टाकून 'यात्रेकरू' हें नांव घेतल्यानें कांहीं होणार नाहीं. तें नांव बॅरननेंहि घेतलें होतें.

पाहुणा आणि रहिवासी यांतला भेद आपण समजतों तितका पक्का नसतो, हेंहि येथें लक्ष्यांत घ्यावें. कुमाऊंतील पंत घराण्यांत आपले पूर्वज महाराष्ट्रांतून आले अशी परंपरा आहे. त्याच पंतांपैकीं गोविंद वल्लभ पंत हे संयुक्त प्रांताचे मुख्य मंत्री झाले, आणि कुमाऊंनें त्यांस आपला पुत्र मानलें. एके काळचे पाहुणे ज्या भूमीचें पाणी प्याले, तिच्या सुखदुःखाचे वांटेकरी झाले, आणि मग त्यांस पाहुणे कोणी म्हणेना. आपण सर्वांनीं डोंगरांत जाऊन राहावें असा याचा अर्थ नव्हे. दोन दिवसांसाठीं गेलेल्या मनुष्यानेंहि तेवढ्या दोन दिवसांपुरतें त्या माठांतलें पाणी पिणारा म्हणून वागावें, एवढाच अर्थ. जो पाणी पितो तो माठ किती भरला आहे हें पाहतो. खिडकींतून तळें दिसलेंच पाहिजे असा हट्ट तो धरीत नाहीं, आंघोळीला दोन बादल्या पाणी कमी मिळालें म्हणून तो यजमानावर रागावत नाहीं, आणि कोरडें सूखाताल पाहून "येथें काय पाहावयाचें?" असें म्हणत नाहीं.

दुसरें कर्तव्य परत आल्यानंतरचें आहे, आणि तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. कारण तें प्रत्येकाच्या हातचें आहे. आपण घरीं येतों आणि सांगतों. छायाचित्रें दाखवितों, शेजाऱ्यांस "एकदां जाऊन याच" म्हणतों. प्रत्येक परतलेला प्रवासी लहानसा बॅरन असतो. त्यानें काय सांगावें? ट्रेलप्रमाणें गप्प बसावें, हें मीं वर नाकारलेंच आहे. बॅरनचा अपराध त्यानें सांगितलें हा नव्हता. त्यानें निम्मेंच सांगितलें हा होता. पाणी किती सुंदर हें सांगितलें आणि तें कोणाचें हें सांगितलें नाहीं. उतारावर बंगले किती शोभतील हें सांगितलें, उतार तें ओझें पेलतील कीं नाहीं याचा विचारहि केला नाहीं. आणि ट्रेलची उणीव त्यानें आदर बाळगला ही नव्हती. पुरतें सत्य सांगितलें तर दुसऱ्यांच्याहि मनांत आदर उपजेल, यावर त्याचा विश्वास बसला नाहीं, ही होती. निम्मी वार्ता आणि मौन, या दोहोंहून निराळा असा एक तिसरा मार्ग आहे, आणि तो म्हणजे पुरतें सांगणें. तळें रम्य आहे हेंहि सांगावें, आणि तें उन्हाळ्यांत उतरतें हेंहि सांगावें. मैदान विस्तीर्ण आहे हें सांगावें, आणि त्याखालीं कोण निजले आहेत हेंहि सांगावें. असें ऐकून जो जाईल तो कदाचित् उन्हाळा टाळून जाईल, कदाचित् एकच दिवस राहील, कदाचित् जाणारच नाहीं. परंतु तो निर्णय त्याचा असेल आणि डोळसपणें केलेला असेल.

एवढ्यानें तळें वांचेल काय, असें कोणी विचारलें तर मी होय म्हणणार नाहीं. नीतीचें काम निकालाची हमी देणें हें नव्हे. परंतु ज्या स्थळाचा नाश त्याच्याविषयींच्या अर्धवट बोलण्यापासून सुरू झाला, त्याचें रक्षण पुरत्या बोलण्यापासून सुरू व्हावें, हें अगदींच अशक्य आहे असें नाहीं. डोक्यावर धोंडा घेतलेल्या त्या पहाडी वाटाड्याला खोटें बोलणें निभावलें नाहीं. तेथें दगडांचा तोटा नाहीं, हें खरें तेंच त्याच्या तोंडून निघालें, आणि त्याच्या खरेपणाचा इतरांनीं फायदा घेतला. आज आपण तेथून येतों तेव्हां आपल्या डोक्यावर ओझें नसतें. तेथें पाण्याचा तोटा आहे, एवढें खरें तरी आपण घरीं येऊन सांगावें.